नेद्याल्काची मेणपट्टी

माणूस तोंडाने वाटेल ते बोलतो, पण चवड्याला खोटं बोलता येत नाही, असं नेद्याल्का ताबाकोवाचं मत होतं. एकतीस वर्षं ते तिने कुणी न विचारता सगळ्या ब्रेस्तोवो गावाला ऐकवलं.

तिचं काम म्हणाल तर पुसण्याचं. तिहेरी उडीच्या धावपट्टीच्या शेवटी पांढरी फळी असते. पोरी धावत येतात, त्या फळीवर पाय मारतात, मग एक लंगडी, एक ढांग, एक उडी, आणि धप्पकन वाळूत. फळीच्या पुढच्या कडेला चार बोटं रुंदीची हिरव्या मऊ मेणाची पट्टी बसवलेली असते. चवडा तिच्यावर गेला की मेणात वण उठतो. वण उठला की लाल निशाण, नाही उठला की पांढरं. फळीशेजारच्या खुर्चीवर दोन्ही निशाणं मांडीवर घेऊन नेद्याल्का बसायची. उडी झाली की उठायची, गुडघ्यात वाकायची, डोळा मेणाच्या पातळीवर आणून आडवं बघायची आणि मगच हात वर करायची. एकतीस वर्षांत तिचं एकही निशाण मागे फिरलं नव्हतं. नवरा सोडून गेला, पोरगा जर्मनीत भिंती रंगवायला गेला, शाळेतली सामानखोलीची नोकरी संपत आली. निशाण मात्र फिरलं नाही. एवढं एकच तिच्याजवळ स्वतःचं म्हणावं असं होतं, आणि त्याच्या जोरावर ती सगळ्या जगाला नाकाच्या शेंड्यावरून बघायची.

मेण ती घरी लाटायची. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, चीझ भरलेल्या बानित्साच्या पातळ पाऱ्या लाटायच्या त्याच बारीक लांब लाटण्याने. आधी मेणाचे गोळे हीटरवर ठेवून मऊ करायचे, मग लाटायचे, मग ओल्या सुरीने कडा कापायच्या. नवरा मेतोदी होता तेव्हा म्हणायचा, "या घरात बानित्सा वर्षातून दोनदा, मेण मात्र दर आठवड्याला." तो गेला तेव्हा तिने एवढंच म्हटलं की त्याला कडा सरळ कापलेली कधी ओळखताच आली नाही.

तिचा तुच्छतेचा बाजार मोठा होता. प्रशिक्षकांना ती कुंपणावरचे कोंबडे म्हणायची: आरवायचं यांनी आणि अंडी घालायची पोरींनी. संघटनेतले साहेब म्हणजे कोट घातलेले भोपळे. उडी मारणाऱ्या पोरी धावायच्या आधी डोक्यावर हात नेऊन प्रेक्षकांकडून टाळ्या मागतात, त्याचा तिला विशेष राग. "भाजायच्या आधीच वाहवा पाहिजे यांना," ती म्हणायची. "आधी भट्टीतून बाहेर तर काढ, बये."

त्या वर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात बाल्कन देशांची इनडोअर अजिंक्यपद स्पर्धा ब्रेस्तोवोत भरली. गावात नवीन छपराचं क्रीडागृह झालं होतं आणि महापौरांना ते आठ देशांना दाखवायचं होतं. नेद्याल्काला छप्पर बघून हसू आलं. दोन ठिकाणी गळत होतं, खाली बादल्या ठेवल्या होत्या आणि बादल्यांना राष्ट्रध्वजाच्या रंगाची फीत बांधली होती.

महिलांच्या तिहेरी उडीत गावचीच रालित्सा होती. बावीस वर्षांची, टाचेपासून मानेपर्यंत नुसती दोरी. हीच रालित्सा दहा वर्षांची असताना फाटक्या बुटांनी शाळेच्या वाळूत उड्या मारायची. नेद्याल्काने सामानखोलीतून खिळ्यांच्या बुटांचा एक जोड तिच्या अंगावर फेकला आणि वहीत लिहून ठेवलं, "उंदरांनी खाल्ले." तेव्हापासून दर एक मार्चला रालित्सा तिच्या मनगटावर मार्तेनित्सा बांधायची. लाल आणि पांढऱ्या लोकरीचा पीळ, टोकाला गाठ मारलेले दोन गोंडे. आमच्याकडे मार्चमध्ये तो प्रत्येकाच्या हातात असतो. करकोचा दिसेपर्यंत नाहीतर फुललेलं झाड दिसेपर्यंत काढायचा नाही, काढला तर वर्षभर अंगात दुखणं घर करतं. नेद्याल्का या गोष्टींना थोतांड म्हणायची.

"लोकरीने दुखणी जात असती तर मेंढ्या कधी मेल्या नसत्या," दर वर्षी ती हेच बोलायची.

"हो मावशी," रालित्सा म्हणायची आणि गाठ घट्ट करायची. "हात सरळ धरा."

आणि नेद्याल्का हात सरळ धरायची. काढून मात्र कधी टाकला नाही.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी स्लोव्हेनियाहून आलेला मुख्य पंच बोगोमिर क्राल याने सगळ्या पंचांना एका खोलीत उभं केलं. लांबोडका, गालांवर रक्त नसलेला माणूस. त्याचं बोलणं आमच्या बोलण्याच्या जवळचं, सावकाश बोलला की कळायचं.

"फळीजवळ हातात काही नको," तो म्हणाला. "घड्याळ नको, अंगठी नको. हे धागेही नकोत."

खोलीत एकेकाने बाही खाली ओढली, एवढंच.

वाळू सारखी करायचं दाताळं धरणारा स्तामेन, खेड्यातला, नेद्याल्काच्याच वयाचा, तिच्या कानाशी पुटपुटला, "ह्येच्या मुलखात करकोचं तिकीट काढून येत असतील. तारीख ठरलेली."

"त्याच्या मुलखात करकोचे याचं तोंड बघत असतील आणि माघारी जात असतील," नेद्याल्का म्हणाली.

तिने घड्याळ काढलं. अंगठी काढली, ती तशीही सैल झाली होती. धागा बाहीत सारला आणि वरून गुंडी लावली. नखाएवढ्या वणाला लाल दाखवणारी बाई ती, पण या नियमाला तिने नियम मानलंच नाही. परक्या माणसाने मार्चमध्ये धागा काढायला सांगावं यात तिला काही तरी अडाणी वाटलं, जसं कुणी पाव्हण्याने आल्या आल्या घरातली चूल हलवायला सांगावं.

दुपारी स्पर्धा सुरू झाली. नेद्याल्काकडे तीन मेणपट्ट्या होत्या. एक फळीला, दुसरी मांडीजवळ तयार, तिसरी ओल्या फडक्याखाली. वण उठला की पट्टी काढायची, दुसरी दाबून बसवायची, आणि पहिलीवरचा वण लाकडी उलथन्याने पुसून टाकायचा. पाच फेऱ्यांत तिने नऊ वेळा लाल दाखवलं. एका ग्रीक पोरीने हात जोडले, तिच्या प्रशिक्षकाने कठड्यावरून आरडाओरडा केला. नेद्याल्काने त्याला पट्टी दाखवली आणि बोटाने वणावर टिचकी मारली. तो गप्प बसला. चवडा बोलला होता, आता त्याला काय बोलायचं होतं.

पाच फेऱ्या झाल्या तेव्हा रालित्सा पहिली, तेरा मीटर एक्क्याण्णव. दुसरी सर्बियाची दुन्या, तेरा चौऱ्याऐंशी. दुन्या जाडजूड हाडाची, कपाळावर आठी, कुणाकडे टाळ्या मागायची नाही. नेद्याल्काला ती त्यातल्या त्यात बरी वाटली होती. शेवटच्या फेरीत आधी दुन्या, मग रालित्सा.

दुन्याच्या आधीच्या पोरीने मेण खरवडलं होतं. नेद्याल्काने पट्टी काढली, दुसरी खाचेत ठेवली आणि तळहाताने जोर देऊन दाबली. दाबता दाबता तिला धावपट्टीच्या कडेला एक बूट दिसला. महापौरांचा फोटोवाला. गुडघ्यावर बसला होता आणि एक पाय सरळ धावपट्टीवर टाकला होता.

"ए, तो पाय तुझा आहे का?" तिने विचारलं.

"एकच फोटो, मावशी."

"घरी जाऊन आईचा काढ. पाय घे मागे, नाहीतर वाळूत पुरीन आणि मोजून घेईन."

लोक हसले. फोटोवाला मागे सरकला. ती ताठ मानेने खुर्चीवर येऊन बसली, आणि बसवलेल्या पट्टीवर एकदा आडवी नजर टाकायची असते, ती टाकायची राहिली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. एका फोटोवाल्याला हिणवण्याच्या नादात.

दुन्या धावली. फळीवर पाय असा वाजला की बादलीतलं पाणी थरारलं असेल. लंगडी लांब, ढांग त्याहून लांब, आणि उडी संपायला तयारच नव्हती. ती वाळूत पडली ती चौदाच्या रेघेच्या पलीकडे. गावच्या पोरीचं सोनं वाळूत पुरलं गेलं होतं.

नेद्याल्का उठली. हिरव्या मेणात शेंगदाण्याएवढा वण तिला उभ्यानेच दिसला. गुडघे दुखत होते. वाकण्याची गरज काय, वण वण असतो. तिने लाल निशाण वर केलं.

अख्खं ब्रेस्तोवो ओरडलं. महापौर उभे राहिले. दुन्या वाळूत तशीच गुडघ्यांवर बसून राहिली आणि तिने मान वळवून निशाणाकडे नाही, नेद्याल्काकडे बघितलं.

नेद्याल्काने पट्टी उपसून हातात घेतली. आता ती डोळ्यांच्या जवळ होती. चवड्याचा वण तिरपा असतो, पुढच्या बाजूला मेण ढकललेलं असतं, लाट उठल्यासारखं. हा वण सरळ खाली दाबलेला होता. त्यात पिळाच्या बारीक रेघा होत्या, एकाशेजारी एक, आणि मधोमध लाल लोकरीचा एक केस मेणात रुतून वर आला होता.

तिने बाही बघितली. गुंडी सुटली होती. मनगटाखाली गोंड्याची गाठ लोंबत होती, आणि गाठीला हिरवं मेण चिकटलं होतं.

स्तामेनने दाताळं वाळूत घातलं आणि पहिल्यांदा ओढलं.

दुन्याच्या टाचेची खूण अजून होती. नेद्याल्काने "थांब" म्हटलं असतं तर फीत लावता आली असती, चौदा आणि वर किती ते कळलं असतं. "थांब" हा शब्द केवढा. शाळेत ती दिवसातून दोनशे वेळा म्हणायची. त्याच्या आड एकतीस वर्षं उभी होती, रालित्सा उभी होती, आणि तो सकाळचा रक्त नसलेला स्लोव्हेनियन उभा होता, ज्याचं ऐकलं असतं तर यातलं काहीच झालं नसतं. दाताळं दुसऱ्यांदा ओढलं गेलं. स्तामेनने मान वर करून तिच्याकडे बघितलं. ती पट्टी हातात धरून उभी होती आणि बाही बघत होती. त्याने तिसऱ्यांदा ओढलं, पण हळू. चौथ्यांदा त्याहून हळू, जणू वाट बघत होता. पाचव्यांदा ओढलं तेव्हा वाळू सपाट झाली, लग्नाच्या टेबलावर चादर टाकावी तशी.

मग ती बोलली. "क्रालसाहेब, इकडे या. माझं निशाण चुकलं."

क्राल आला. त्याने पट्टी बघितली, तिचं मनगट बघितलं, आणि सकाळची गोष्ट बोलून दाखवली नाही. ती बोलून दाखवली असती तर बरं झालं असतं, निदान त्याच्यावर चिडता आलं असतं.

"हे केव्हा दिसलं तुम्हाला?" त्याने विचारलं.

"आत्ता," नेद्याल्का म्हणाली.

"वाळू सारखी झाल्यावर?"

"झाल्यावर."

स्तामेन दाताळ्यावर हनुवटी टेकून उभा होता. तो वाळूकडे बघत राहिला.

क्रालने नियमाचं पुस्तक उघडलं. मोजायला उडीच उरली नव्हती, म्हणून दुन्याला एक उडी पुन्हा द्यायची असं ठरलं. आधी रालित्साने आपली शेवटची घेतली, तेरा बहात्तर, काही उपयोगाची नाही. दहा मिनिटं गेली. दुन्याने पायावर कांबळं घेतलं, काढलं, दोनदा उड्या मारून बघितल्या. पण जी उडी वाळूत गेली ती अंगातूनही गेली होती. ती धावली, फळीवर पाय बरोबर पडला, नेद्याल्काने गुडघ्यात वाकून, आडवं बघून, पांढरं निशाण वर केलं. तेरा पासष्ट.

सोनं गावात राहिलं. गाणं वाजलं, महापौरांनी भाषण केलं, फोटोवाल्याला हवे तेवढे फोटो मिळाले. आणि मग लोक नेद्याल्काकडे यायला लागले, एकेक करून, जणू सांत्वनाला.

"मावशी, तुमच्यासारखी प्रामाणिक बाई पाहिली नाही."

"स्वतःची चूक स्वतः सांगायची म्हणजे काळीज लागतं."

"आणि नुकसान तर कुणाचंच झालं नाही."

हे शेवटचं ऐकून तिने तोंड फिरवलं. नुकसान कुणाचंच नाही. असं बोलणाऱ्या तोंडांना ती आयुष्यभर खरवडून फेकत आली होती.

रालित्सा पदक गळ्यात घालून आली, वाकली, तिच्या गालाला गाल लावला. "मावशी, तुम्ही नसता बोलला तरी कुणाला कळलं नसतं," ती म्हणाली. चांगल्या मनाने म्हणाली. नेद्याल्काने तिचा हात बाजूला केला. "घाम पूस आधी," एवढंच बोलली.

बाहेर पडताना स्तामेन भेटला. दोघं काही वेळ बरोबर चालले.

"बोल ना," ती म्हणाली. "तोंड शिवलंय का?"

"म्या काय बोलू? म्या वाळू वडतो."

"तू बघितलंस."

"बघितलं."

"मग त्याला का नाही सांगितलंस?"

"तुज्यासाठी."

"माझ्यासाठी," नेद्याल्का म्हणाली. "तीस वर्षं दाताळं ओढलंस आणि कधी थांबायचं ते शिकला नाहीस. दगड आहेस नुसता."

"व्हय," स्तामेन म्हणाला. "आन तू?"

तिने पाय उचलला आणि त्याला मागे टाकून घरची वाट धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्बियाचा संघ हॉटेलसमोर बसमध्ये सामान चढवत होता. नेद्याल्का तिथे गेली. अंगावर रविवारचा कोट, हातात काही नाही. दुन्या पायरीवर बसून कागदात गुंडाळलेली चीझची बानित्सा खात होती. तेल हनुवटीवर आलं होतं.

"मी ते आधी बघितलं," नेद्याल्का म्हणाली. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "दाताळं एकदाच फिरलं होतं तेव्हा. तुझी खूण वाळूत होती. मी बोलले नाही."

दुन्याने घास चावला, गिळला. "माहीत आहे मला," ती म्हणाली. "मी वाळूच्या कडेलाच होते. तुमच्याकडेच बघत होते. तुम्ही बाही बघितलीत, मग माझी टाच पडली होती तिथे बघितलंत."

"मग काल का नाही बोललीस?"

"मी सर्बियाची, गाव तुमचं, आणि तुम्ही तर प्रामाणिक बाई. सगळे तसंच म्हणत होते." तिने कागदाचा बोळा केला. "हे सांगायला आलात होय?"

"हो."

"हलकं वाटायला."

नेद्याल्काने कोटाची गुंडी चाचपली.

"वाटलं असेल तर जा आता," दुन्या म्हणाली. उठली, हनुवटी मनगटाने पुसली आणि बसमध्ये चढली. चढताना एकदा मागे बघितलं. रागाने नाही. एखाद्या टवका उडालेल्या बशीकडे बघावं, ठेवावी की टाकावी याचाही विचार न करता, तसं. ती नजर नेद्याल्काच्या पूर्ण ओळखीची होती. तिने ती एकतीस वर्षं वापरली होती, ग्रीकांवर, प्रशिक्षकांवर, महापौरांवर, मेतोदीवर. अंगावर आल्यावर ती कशी लागते ते मात्र तिला माहीत नव्हतं.

त्याच आठवड्यात तिने क्रालला पत्र लिहिलं. दाताळं किती वेळा फिरलं, आपल्याला केव्हा दिसलं, सगळं. दीड महिन्याने उत्तर आलं: निकाल कायम झाला आहे, आपल्या सचोटीबद्दल आभार. सचोटी. तिने ते पत्र सामानखोलीतल्या उंदरांच्या सापळ्याखाली घातलं, सापळा डुगडुगत होता.

पुन्हा ती फळीजवळ बसली नाही. आता तर तिथे कॅमेरा असतो म्हणे. त्याला गुडघे नाहीत आणि त्याच्या मनगटाला कुणी काही बांधत नाही. नेद्याल्का त्यालाही नावं ठेवते, काचेच्या डोळ्याचा बैल म्हणते, पण पूर्वीची धार नाही. जीभ अर्ध्यात थांबते.

मार्चअखेर शाळेच्या आवारातला आलुबुखारा फुलतो आणि गाव आपापले धागे त्याच्या फांद्यांना बांधून जातं. त्या वर्षी नेद्याल्काचा बांधला गेला नाही. तो सामानखोलीत आहे, बुटांच्या फळीच्या वर, एका मेणपट्टीवर ठेवलेला, शेंगदाण्याएवढ्या वणाशेजारी. मेण आता सुकून भेगाळलंय. कुणी नवा मास्तर येतो, गोष्ट ऐकलेली असते, आदराने विचारतो, "मावशी, हीच का ती? तुम्ही स्वतःहून चूक सांगितलीत ती?"

"तसं लोक सांगतात," ती म्हणते. "तू खाली जा. वाळूजवळ स्तामेन असेल. त्याला विचार, मी तोंड उघडेपर्यंत दाताळं किती वेळा ओढलं."

बहुतेक जण हसतात आणि जात नाहीत. एक-दोघं गेले. स्तामेन त्यांना म्हणतो की त्याला मोजता येत नाही.

हे तिला कळलं की ती खिडकी उघडून खाली ओरडते, "पाच, गाढवा. पाच."